भजनात डोळे भरून आले तर काय करायचं, आणि नाही आले तर काय करायचं

आमच्या महिला भजनी मंडळात मागच्या पावसाळ्यात एक नवीन सून आली, लग्नाला वर्षही झालं नसेल, आवाज गोड, पाठांतर पक्कं. एकादशीचं भजन संपलं, बाया अंधारात चपला शोधून राहिल्या होत्या तेव्हा ही माझ्याजवळ आली आन् हळूच म्हणते, "काकू, सगळ्यायचे डोये भरून येतात, त्या कोपऱ्यातल्या काकूच्या तं अंगावर काटा येते, मंग मलेच काऊन काही होत नाही? माझी श्रद्धाच नाही का?"

मी तेव्हा "असं काही नसते बाई" म्हणून तिला लावून दिलं, पण घरी आल्यावर झोप लागली नाही. कारण हाच प्रश्न मी तीन वर्षं पोटात घेऊन फिरली होती आणि मला कोणी नीट सांगितलं नव्हतं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे याच्या उलट बाजूनं पण मी खूप चुकली आहे, म्हणजे खूप रडू आलं, खूप भारल्यासारखं झालं, आणि त्या भरात नको ते करून बसली. म्हणून जे मला समजलं ते इथं लिहून ठेवते, कोणाच्या कामी आलं तर आलं. मी काही कीर्तनकार नाही, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात कापूस-तुरीची शेती करणारी बाई आहे, एकोणीस वर्षं टाळ वाजवते एवढंच.

सगळ्यात पहिले, हे रडू येतं कुठून ते समजून घ्या

आपल्याकडे जुन्या लोकांनी याचे आठ प्रकार सांगून ठेवले आहेत, अष्टसात्त्विक भाव म्हणतात त्याला. जागच्या जागी खिळून जाणं, घाम, रोमांच, आवाज फाटणं, कापरं भरणं, चेहऱ्याचा रंग उडणं, अश्रू आणि भान हरपणं. नाटकाच्या शास्त्रातून आलेली ही यादी कीर्तनकार सप्ताहात हमखास सांगतात. आता यादी नीट पाहा, आठही गोष्टी शरीराच्या आहेत. मन हललं की अंग बोलते.

आणि अंग हललं की मनही हलते, हे पण तितकंच खरं आहे. सप्ताहात काय होतं विचार करा, पहाटे चारला उठून काकडा, दिवसा घरचं वावरातलं काम, पोटात उपासाचा साबुदाणा, रात्री दोन तास कीर्तन, आणि पखवाज सुरुवातीला संथ असतो तो हळूहळू चढत चढत जातो, पन्नास-शंभर टाळ एकाच ठेक्यावर पडतात, सगळ्यांचा श्वास एकाच वेळी आत एकाच वेळी बाहेर. २००१ साली इटलीतल्या डॉक्टरांनी २३ लोकांवर तपासून पाहिलं होतं, ख्रिस्ती लोकांची जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणताना आणि बौद्ध मंत्र म्हणताना दोन्ही वेळेस माणसाचा श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो आणि हृदयाची लय त्याच्यासोबत जुळते. म्हणजे देव कोणताही असो, नाम लयीत घेतलं की अंग शांत होते.

माझ्या पुतण्यानं हे वाचून मला म्हटलं, काकू मग तर हे सगळं शरीराचंच झालं, यात देव कुठं आला. मी त्याला म्हटलं, लेकरू रडलं की मायला पान्हा फुटतो तो पण शरीरातूनच फुटतो ना, त्याचं कारण डॉक्टर सांगू शकतो, म्हणून मायची माया खोटी होते का? रडू शरीरातून आलं हे समजलं म्हणून ते खोटं ठरत नाही, आणि नुसतं आलं म्हणून खरंही ठरत नाही. खरं-खोटं दुसरीकडे पाहायचं असते, ते पुढं सांगते.

भाव दाटून आला त्या वेळी

येऊ द्या. दाबू नका आणि ओढून आणू पण नका. दाबलं की छातीत जड वाटत राहते, ओढून आणलं की दुसऱ्या वेळेस अजून जोरात ओढावं लागते, आणि तिसऱ्या वेळेस तुम्हालाच कळत नाही आपण रडून राहिलो की रडायचं करून राहिलो. डोळे मिटा, हातातला टाळ सोडू नका, ठेका धरून ठेवा. ठेका हातात असला की माणूस वाहून जात नाही, हे मला आमच्या जुन्या विणेकरी आबाजींनी शिकवलं. ते गेले आता, सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते ना, तर रात्री दोन ते चारचा पहारा कोणी घेत नसे तो ते घेत.

बाजूची बाई रडत असेल तर तिच्याकडे टक लावून पाहू नका, "का झालं, का झालं" करून हलवू नका. मोबाईल तर काढूच नका. आमच्याकडे एका बाईचा रडतानाचा व्हिडिओ कोणीतरी गावाच्या ग्रुपवर टाकला, खाली शंभर लोकांनी हात जोडले, पण ती बाई नंतर वर्षभर भजनाला आली नाही. माणूस देवाजवळ मोकळा झाला तो क्षण त्याचा एकट्याचा असतो, तो वाटायचा नसतो.

चक्कर आल्यासारखं वाटलं, डोळ्यापुढे अंधारी आली तर तो भाव नाही, खाली बसा, पाणी प्या, काहीतरी गोड खा. ज्यांना शुगर आहे, बीपीच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी सप्ताहात कडक उपास करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही चक्कर येऊन पडल्यानं विठ्ठल काही जास्त पावत नाही.

आणि सर्वात महत्त्वाचं, हे मी मोठ्यानं सांगते, त्या भरात काहीही कबूल करू नका. मी केलं होतं. काल्याचं कीर्तन होतं, महाराजांनी असा प्रसंग उभा केला की मंडपात एकही डोळा कोरडा नव्हता, आणि तेवढ्यातच माईकवर कळसाच्या वर्गणीची नावं सुरू झाली. मी हात वर केला आणि पाच हजार सांगून मोकळी झाली. कापूस अजून बोंडात होता, घरात जे होतं ते तुरीच्या फवारणीसाठी ठेवलेलं होतं. मालकाला रात्री सांगितलं तर ते काही बोलले नाहीत, नुसतं पाहत राहिले, ते पाहणं मला अजून आठवते. फवारणी लांबली, अळीनं शेंगा खाल्ल्या. पैसे मी भरले, बचत गटातून उचलून, सहा महिन्यांत फेडले. देवाचा दोष नाही त्यात, पण लोक रडत असताना वर्गणीची नावं घेणं हे चूक आहे आणि ज्यांच्या हातात माईक असतो त्यांनी हे करू नये, हात जोडून सांगते. तेव्हापासून मी स्वतःला नियम घालून घेतला, नवस, दान, माळ घालणं, काही सोडणं, काही धरणं, जे काय मनात येईल ते तिसऱ्या दिवशी सकाळी झाडझूड करताना आठवून पाहायचं. तेव्हाही तेवढंच मनापासून वाटलं आणि घरच्यांना सांगायची हिंमत झाली तर करायचं, नाही तर राहू द्यायचं.

दुसऱ्या दिवशी पाहा

खरं-खोटं कुठं पाहायचं ते इथं आलं. गीतेत अर्जुनाला विश्वरूप दिसलं तो अकरावा अध्याय आहे. त्याच्यापेक्षा मोठा अनुभव कोणाला आला असेल सांगा, अंगावर रोमांच आले, भीती वाटली, हात जोडले, आणि शेवटी तो स्वतःच म्हणाला की देवा हे सहन होत नाही, तुझं पहिलं रूपच दाखव. पण गीता तिथं संपत नाही ना! अजून सात अध्याय राहतात. आणि लगेच पुढच्या बाराव्या अध्यायात देव सांगतो की मला कोणता भक्त आवडतो, कोणाचा द्वेष न करणारा, सगळ्यांशी मैत्री आणि करुणा असलेला, क्षमा करणारा, ज्याच्यापासून लोकांना त्रास होत नाही तो. त्या यादीत अंगावर काटा येणारा, डोळ्यातून धारा लागणारा असं कुठंच नाही. मी हे कितीतरी वर्षं पाठ म्हणत होती, पण ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती एका सकाळी कापूस मोजताना.

आदल्या रात्री कीर्तनात मी इतकी रडली होती की पदर ओला झाला. सकाळी वेचणीला बाया आल्या, दुपारनंतर झाडाला काटा टांगून एकेकीचं गाठोडं मोजणं सुरू केलं. एका बाईचा साडेतेवीस भरला, मी वहीत तेवीस लिहिला. सवयीनं. सगळेच वरचं सोडतात, मीही दरवर्षी सोडत होती. ती बाई काही बोलली नाही, गाठोडं उचलून बाजूला झाली आणि मला एकदम आठवलं की काल मंडपात ती माझ्याच मागं बसली होती, तिनंच मला पाण्याचा गडवा दिला होता. मला तिथल्या तिथं घाम फुटला. रात्रीचं रडणं अर्धा किलो कापसापुढं टिकलं नाही. बाजाराच्या दिवशी चुकारा करताना त्या हंगामाचं सगळ्यांचं वरचं धरून पैसे दिले, मागच्या वर्षांचं तर कसं देणार, ते राहिलंच.

म्हणून मी सांगते, अनुभव आला की त्याला मोठं नाव देऊ नका, साक्षात्कार वगैरे म्हणू नका, आठ दिवस गप राहून आपल्या घरात पाहा. जाऊबाईशी बोलणं सुधारलं का, सासऱ्याच्या खोकल्यानं चिडचिड कमी झाली का, मजुराच्या पैशात हात आखडला का मोकळा झाला, रात्री झोप नीट लागते का. यातलं काही हललं असेल तर तो भाव तुमच्याकडे राहायला आला. नसेल हललं तर तो पाहुणा होता, चहा पिऊन गेला, त्याचा राग करायचा नाही, पण आपल्या घरी राहतो असं लोकांना सांगायचं पण नाही.

आपल्या भागातल्या संतांनी हे करूनच दाखवलं आहे. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे, कीर्तन रात्री. आणि कीर्तन झाल्यावर पायावर डोकं ठेवू देत नव्हते, म्हणजे लोकांच्या मनात जे भरून आलं ते त्यांनी स्वतःकडे कधी वळवलं नाही. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर माणसं हलवली, पण १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभा केला तो सामुदायिक प्रार्थनेवर आणि गावाच्या कामावर. तिथं पुण्यतिथीला गेलं नसाल तर एकदा जा. ते ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, तर पुण्यतिथीला बरोबर त्या वेळेला लाखो माणूस उभ्या जागी चूप होतो. ना टाळ, ना माईक, ना घोषणा. एवढ्या गर्दीत आपल्याला आपलाच श्वास ऐकू येतो. मला आयुष्यात सगळ्यात खोल काही वाटलं असेल तर ते त्या दोन मिनिटांत वाटलं, आणि डोळ्यातून पाणी आलं नव्हतं.

आता कोरडं पडलं तर काय करायचं

माझा मोठा भाऊ आठ दिवस दवाखान्यात राहून गेला. त्या आठ दिवसांत मी जेवढं नाम घेतलं तेवढं जन्मात घेतलं नाही. तो गेला, आणि त्यानंतर भजनाला बसली की काहीच होईना. राग नाही, दुःख नाही, नुसतं सपाट. ज्या अभंगाला आधी पहिल्या कडव्यातच गळा भरून यायचा तो मी बाजाराची यादी वाचावी तसा म्हणत होती. एक महिना गेला, सहा महिने गेले, वर्ष गेलं. मला वाटलं मी आतून मेली. बाया म्हणायच्या देवाची परीक्षा आहे, कोणी म्हणे काही करणी-बिरणी असेल, कोणी म्हणे तुझीच श्रद्धा कमी पडली. या शेवटच्या वाक्यानं मला जेवढं दुखलं तेवढं भावाच्या तेराव्याला पण दुखलं नव्हतं. मेहेरबानी करून हे वाक्य कोणालाही बोलू नका.

मी मंडळ सोडायला निघाली होती तेव्हा विणेकरी आबाजी घरी आले, ओट्यावर बसले, चहा घेतला आन् म्हणाले, "गाऊ नको माय. तोंड बंद ठेव. फक्त टाळ धर आन् बस." एवढंच. मी तेच केलं. आणि आज मी दुसऱ्याला पण तेच सांगते, कोरडं पडलं की नेम वाढवू नका, कमी करा, पण तोडू नका. रोज हरिपाठ होत असेल तर दोन अभंग म्हणा. दोन होत नसतील तर दिवा लावा आणि उठा. दिवा लावताना काही वाटलं पाहिजे अशी अट ठेवू नका. म्हशीचं दूध काढताना आपण आज मला माया वाटून राहिली का असं विचारतो का? वेळ झाली की खाली बसतो.

आणि आपण एकटेच असे आहोत हे डोक्यातून काढा. मदर तेरेसा १९९७ मध्ये गेल्या, त्यानंतर दहा वर्षांनी त्यांची पत्रं बाहेर आली, त्यात हे निघालं की त्यांना जवळपास पन्नास वर्षं प्रार्थनेत आत अंधारच जाणवत होता, देव जवळ आहे असं वाटतच नव्हतं. पन्नास वर्षं! आणि तेवढी वर्षं त्या रस्त्यावरची मरणाला टेकलेली माणसं उचलत राहिल्या. आपल्या तुकाराम महाराजांचं पाहा, सासरी निघालेली पोरगी जशी मागं वळून वळून पाहते तसं माझ्या जिवाचं झालं आहे, तू कधी भेटशील, असं ते विठ्ठलाला विचारतात. भेट झाली असती तर असं विचारलं असतं का? न भेटण्याचा काळ त्यांनाही होता, आणि तो त्यांनी लपवला नाही.

राग पण येतो, त्याचं पण सांगते. देवाचा राग येणं म्हणजे श्रद्धा गेली असं नाही, ज्याचं आपल्याशी नातंच नाही त्याच्यावर कोण रागावते? १६३० च्या दुष्काळात तुकाराम महाराजांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, त्या माणसानं नंतर देवाशी जेवढं कडाकडा भांडण केलं तेवढं आपल्याच्यानं होणार नाही. तर राग आला की देव्हाऱ्यापुढं बसा, दार लावून घ्या आणि आपल्या भाषेत, वऱ्हाडीत, जसं नवऱ्याशी भांडतो तसं भांडा. "काऊन नेलं त्याले, सांग ना." मी भांडली आहे. उत्तर आलं नाही, पण त्या रात्री दोन वर्षांनी पहिल्यांदा झोप लागली. गाडगेबाबांना कीर्तन चालू असताना मुलगा गेल्याचा निरोप आला आणि असे कोट्यवधी गेले, एकासाठी काय रडू, असं म्हणून त्यांनी कीर्तन पुढं चालू ठेवलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पण ही गोष्ट सांगून कोणाचं रडणं थांबवू नका, गाडगेबाबांनी ते स्वतःसाठी म्हटलं होतं, शेजारच्या बाईला चूप बसवायला नाही.

एक फरक मात्र नक्की ओळखा. नुसतं भजनात मन लागत नाही आणि बाकी जेवण, झोप, काम, लेकरं यात जीव आहे, तर ते कोरडेपण. पण कशातच मन लागत नाही, दोन-दोन हप्ते झोप नाही, जेवण जात नाही, जगून काय करायचं असं मनात येते, तर तो भक्तीचा विषय नाही, तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. आपल्या जिल्ह्यांनी हे दुःख खूप पाहिलं आहे, मला समजावून सांगायची गरज नाही. १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर फोनवरून मदत करणारा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते, रात्रीपण लागतो. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर बसतात. देवाच्या नावानं दिवस काढत बसू नका.

माझं कोरडेपण कसं गेलं असं त्या सूनबाईनं पण विचारलं. गेलं असं म्हणता येत नाही. तिसऱ्या वर्षी आमच्या मागच्या गल्लीतल्या बाईचा तरुण मुलगा गेला. मी रात्रभर तिच्याजवळ बसली. काय बोलावं ते सुचेना, आणि पहाटेच्या वेळी माझ्या तोंडून आपोआप एक अभंग निघाला, हळू, गुणगुणल्यासारखा, ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मला तेव्हाही काही वाटलं नाही खरं म्हणजे. फक्त एवढं कळलं की तीन वर्षं टाळ धरून बसली नसती तर त्या वेळी माझ्याजवळ तिला द्यायला काहीच नसतं.

अंगात येतं त्याचं काय

हा नाजूक विषय आहे, आणि दोन्हीकडचे लोक यात घाई करतात. एक जण लगेच पाया पडतो, दुसरा लगेच ढोंग म्हणतो. मी जवळून पाहिलं आहे, ज्या बाईचं घरात कोणी ऐकत नाही तिच्या अंगात देवी आली की त्या दिवशी सासू-सासरे, दीर सगळे हात जोडून ऐकतात. तिला ते समजून-उमजून करायचं असते असं नाही, तिच्या आत जे कोंडलेलं असते ते तसं बाहेर पडते. म्हणून तिची टिंगल करू नका. गर्दी बाजूला करा, डोकं-बिकं आपटू नये म्हणून कोणीतरी धरा, शांत झाली की पाणी द्या. पण तिला कौल मागू नका, माझा पोरगा पास होईल का, चोरी कोणी केली, हे विचारू नका, आणि त्या अवस्थेत ती काही हुकूम देईल तर त्यावर वागू नका. दोन दिवसांनी एकटीच तिच्या घरी जा, सोबत भाजी निवडा आणि विचारा, "कसं चाललं बाई?" खरी देवी तिथं बोलते असं मला वाटते.

आणि कोणी अंगात संचार आहे असं सांगून भीती घालत असेल, माझं नाही ऐकलं तर वाईट होईल म्हणून धमकावत असेल, तर तो महाराष्ट्रात गुन्हा आहे, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे त्यासाठी. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करत बसवणं हे पण त्याच कायद्यात आहे. आपल्याकडे वावरात साप निघणं रोजचं आहे, तर तिथं श्रद्धा मध्ये आणू नका, आधी गाडी काढा, नाम रस्त्यानं घेता येते.

कोणाजवळ बोलायचं

सगळ्यांजवळ नाही. एक माणूस धरा जो वाहवा पण करणार नाही आणि हसणार पण नाही. मला असा माणूस मिळाला तो आमच्या पंथातला नाहीच, आमच्या धुऱ्याला लागून ज्यांचं वावर आहे त्या ताई बौद्ध आहेत. त्यांचे सासरे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षेला गेले होते, त्या मैदानावर काय वाटलं ते सांगताना म्हातारपणी पण त्यांचा आवाज कापायचा. मी ताईंना विचारलं, तुमच्याकडे तर सगळं बुद्धीनं पारखून घ्यायचं असते ना, मग हे रडू कसं? त्या म्हणाल्या, पारखूनच घेतलं, म्हणून तर रडू आलं. बुद्धानं कालाम नावाच्या लोकांना सांगितलं होतं की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पाहा यानं भलं होते की नुकसान होते. मला हे माझ्या वारकरी डोक्याला पण पटलं.

आणि भाव आणि बुद्धी यांचं वैर आहे असं ज्यांना वाटते त्यांनी आपल्याच अमरावतीकडच्या गुलाबराव महाराजांकडे पाहावं. १८८१ चा जन्म, वर्षाचे व्हायच्या आत डोळे गेले. स्वतःला ज्ञानेश्वरांची मुलगी आणि कृष्णाची पत्नी मानायचे, कुंकू-मंगळसूत्र घालायचे, एवढी उत्कट भक्ती. आणि त्याच माणसानं चौतीस वर्षांच्या आयुष्यात दुसऱ्यांकडून वाचून घेऊन, दुसऱ्यांच्या हातून लिहवून शंभरावर ग्रंथ केले, तर्क, वेदांत, विज्ञान सगळं. एका हातानं रडले आणि एका हातानं तपासलं, म्हणाल तर चालेल.

त्या सूनबाईला मी नंतर बोलावून हे सगळं सांगितलं, इतकं सलग नाही, कांदे चिरता चिरता. तिनं ऐकून घेतलं आन् म्हणाली, "म्हंजे काकू, मी नुसती बसली तरी चालते?" म्हटलं चालते, वर्षभर नुसती बस, मग सांग. कोजागिरी झाली की काकडा सुरू होईल, महिनाभर पहाटे उठायचं आहे. तिच्याजवळ टाळ नाहीत, माझी जुनी जोडी तिला देणार आहे, दोरी झिजली होती ती काल बदलून ठेवली.